ताडबनातला पाढा

"कोपर आत! बाई, कोपर आत घ्या! कोंबडीसारखे पंख काय पसरता?"

अण्णा ओटीवरून ओरडले तशी हिरकणीबाईंनी कोपरं बरगड्यांना चिकटवली आणि पडवीत टांगलेल्या कोंड्याच्या पोत्यावर पुन्हा मुठी चालवल्या. अण्णा म्हणजे त्यांचे घरमालक. लढाईच्या आधी पलटणीबरोबर सिंगापूरला होते, आणि तिथल्या एका चिनी आचाऱ्याने त्यांना ही विद्या दिली होती. दोन्ही मुठी छातीसमोर, एक परत येते तिच्यावरून दुसरी सुटते, रहाटाच्या पोहऱ्यांसारखी. जोर लावायचा नाही, थांबायचं मात्र मुळीच नाही.

"मोजत मारा, म्हणजे हात थांबत नाही," अण्णा म्हणाले.

नुसते आकडे बाईंना घाबरल्यावर आठवत नसत. पहिलीच्या वर्गाकडून रोज घोकून घेतलेला पाढा मात्र झोपेतही चुकत नसे. "बे एके बे, बे दुणे चार," त्या म्हणू लागल्या, आणि पोत्यातून कोंडा भुरभुरू लागला.

"अगो बाई, माझ्या म्हशीचं खाणं ते!" अण्णांच्या कुसुमबाई आतून कळवळल्या.

हे सगळं त्या ताडबनापायी. कैनाड गावची शाळा बनाच्या पलीकडे आणि अण्णांचं घर अलीकडे. मोठ्या माणसांचा साक्षरतेचा वर्ग आटोपून बाई निघत तेव्हा दिवेलागण झालेली असे. गेले पंधरा दिवस बनात शिरलं की वरून कुठून तरी खस्स आवाज येई. बाई थांबल्या की आवाज थांबे. वर्ग बंद करावा, तर साल अठ्ठावन्न, नोकरी स्कूल बोर्डाची आणि अजून कायम न झालेली. ती गेली की वसईला भावाच्या घरी जाऊन वहिनीच्या हाताखाली भाकऱ्या थापायच्या. म्हणून बाई डोक्यावरून पदर घेत, मुठी आवळत आणि हवेत ठोसे मारत, मोठ्याने पाढा म्हणत बन ओलांडत.

बुधवारी शाळाखात्याचे दिपोटीसाहेब शाळेच्या तपासणीला येणार होते. मंगळवारी फळ्यांना काळा रंग लावता लावता बाईंना रोजच्यापेक्षा उशीर झाला. त्या बनात शिरल्या. आज खस्स आवाज आला नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. अर्ध्या वाटेवर अगदी समोरच्या ताडावरून एक काळं, लांबलचक काहीतरी पाठमोरं सरसर खाली उतरलं आणि वळलं.

बाई पळणार होत्या. पण पाय ऐकेनात, हात मात्र शिकवल्याप्रमाणे सुटले. "बे एके बे बे दुणे चार बे त्रिक सहा," आणि विसापर्यंत पोचेस्तोवर काहीतरी फाटकन फुटलं. आंबट वासाची एक धार बाईंच्या पदरापासून पावलापर्यंत ओघळली.

"हडळ! मारू नको, हडळबाय! मी सुकीचा बा!"

बाईंचे हात थांबले. सुकी त्यांच्या पहिलीतली.

"लहान्या?"

"बाय, तू?" पोटावर हात दाबून लहान्या उठला. त्याच्या कमरेला बांधलेल्या भोपळ्याच्या तुंब्याची फक्त मान शिल्लक होती. "रोज पांढरा पदर घेऊन हवेला मारत जाते ती तूच? मी वर जीव मुठीत धरून बसतो गं! ती गेली की उतरतो. आज आली नाय, म्हणून बिनघोर उतरलो."

"आणि रोज खस्स करतोस तो तूच?"

"पाय थरथरतात, तर झावळी वाजणारच ना!"

बाईंना हसू येणार होतं, तेवढ्यात स्वतःचाच वास आला. ताडी. दारूबंदीच्या काळात, तपासणीच्या आदल्या दिवशी, मास्तरीणबाई ताडीने निथळत होती.

"तू अण्णांना सांग खरं काय ते. माझी नोकरी जाईल रे."

"आणि मला पोलीस नेतील."

तरीही तो मागोमाग आला. दोघं अंगणात शिरली, आणि ओटीवर कंदिलाच्या उजेडात खुर्चीत बसलेले दिपोटीसाहेब दिसले. एक दिवस आधीच टपकले होते. कुसुमबाईंनी दिलेला चहा बशीत ओतून फुंकत होते.

त्यांची फुंकर अर्ध्यावर थांबली. नाक वर झालं.

"हा वास कसला?"

अण्णा खोकले. कुसुमबाईंनी पदर तोंडाला लावला. बाईंच्या डोळ्यांपुढे वसईची चूल उभी राहिली.

"साहेब," लहान्याच पुढे होऊन बोलला, "बनात हडळ हाये."

"काय आहे?"

"हडळ. ताडीचा वाटा दिला तर अंगाला हात लावत नाय. बाईच्या अंगावर मीच शिंपली, म्हणून बाय जित्ती आली. मला बघ कसा हाणलाय!" त्याने पोट दाखवलं. त्यावर सगळे ठोसे एकाखाली एक शिस्तीत उमटलेले होते.

साहेबांनी बशी खाली ठेवली. "छे छे! अंधश्रद्धा! आणि... दिसते कशी?"

"पांढरी. पाढा म्हणते."

बाईंनी डोळे मिटले.

"पाढा?" साहेबांचा आवाज चिरकला. "कितीचा?"

"माझी पोर म्हणते तो. बे बे करते."

साहेबांनी खुर्ची भिंतीकडे सरकवली. मग हळूच म्हणाले, "म्हणजे या शाळेवर पूर्वी कोणी मास्तरीण... वारली होती का?"

साहेबांचा मुक्काम नियमाप्रमाणे पलीकडे शाळेतच होता, आणि शाळेला जायला बनाखेरीज वाट नव्हती. साहेबांनी बनाकडे पाहिलं. अण्णांकडे पाहिलं. शेवटी लहान्याला जवळ बोलावून ते कुजबुजले, "त्यातली... थोडी उरली आहे का रे?"

तुंब्याच्या मानेत चमचाभर होती. साहेबांनी डोळे मिटून ती टोपीवर शिंपून घेतली.

"बाई, तुम्ही पुढे चला," ते म्हणाले. "तुमच्याकडे वाटा जास्त आहे."

अशी वरात निघाली. पुढे बाई, मधे साहेब, मागे कंदील घेऊन लहान्या. आता बनात काही नाही हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. पण ज्या बुंध्यापाशी पंधरा दिवस जीव गोळा झाला होता तो आला, आणि सवयीने मुठी वर गेल्या, ओठ हलले.

"बे एके बे..."

मागे दोन पावलं थबकली. मग ती बाईंना ओलांडून अशा वेगाने शाळेकडे गेली की टोपी वाटेतच राहिली. पाठोपाठ शाळेच्या दाराची आतली कडी वाजली.

सकाळी साहेबांनी मुलांना एकही प्रश्न विचारला नाही. बाईंनी धुऊन वाळवलेली टोपी त्यांनी न बघता डोक्यावर ठेवली, शेरेबुकात लिहिलं आणि पहिली बस गाठली. बाईंनी पान उघडलं.

"शिक्षिका धीट आहेत. कायम कराव्यात. पाढे मात्र दिवसाउजेडी घ्यावेत."