त्रीनूने दिलेली टोपली

सप्टेंबरातला सकाळचा उजेड ताल्लिनच्या जुन्या गावात कधी घाईने येत नाही. तो आधी संत ओलाफच्या चर्चच्या सुळक्यावर बराच वेळ रेंगाळतो, मग लाल कौलांवर उतरतो, तटबंदीच्या चुनखडी दगडांवरून हात फिरवत गल्लीत येतो. आणि गल्ली अरुंद असल्यामुळे हेल्गीमावशीच्या स्वयंपाकघरात शिरेपर्यंत त्याची जेमतेम एक पट्टी उरते. त्या शनिवारीही तो तसाच आला. खिडकीतल्या कुंडीला त्याने पिवळे केले, टेबलाच्या कडेवरून तो घसरला, आणि काळ्या पावांच्या उंच चळतीपाशी येऊन अडला. पावांपलीकडचे टेबल अंधारातच राहिले.

उकू त्या उजेडाकडे पाहत बसला होता. उजेडाची सोबत त्याला मानवे, कारण उजेड उलट काही विचारत नाही. मावशी विचारत असे.

"आजही पावाचंच सूप!" तिने पातेले आदळले. "मनुका संपल्या, साय संपली, पण हा पाव काही संपत नाही. रोज अख्खा पाव कशाला रे आणतोस?"

"आवडतो मला."

"मग तो खाताना कधी दिसत नाहीस?"

"ठेवून खातो," असे म्हणून उकूने कोट उचलला.

उकू चित्रकार होता, म्हणजे मार्झिपानच्या दुकानात बदाम-साखरेच्या लगद्याच्या छोट्या मूर्ती रंगवत असे. दिवसभर गोड डुकरांचे गाल गुलाबी करावेत आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःचे एखादे उदास चित्र काढावे, असा त्याचा क्रम. त्यातले एक चित्र सध्या सिग्नेबाईंच्या लहानशा कलादालनात टांगलेले होते. ते अजून कोणी थांबून पाहिले नव्हते.

स्टेशनाजवळच्या बाजारात त्रीनूचे पावाचे दुकान होते. "एक काळा," एवढ्या दोन शब्दांवर उकूने तिच्याशी वर्षभर ओळख निभावली होती. काल मात्र त्याच्या अंगात काय संचारले कोण जाणे. स्वतः रंगवलेली मार्झिपानची पाकोळी त्याने तिच्यापुढे ठेवली आणि एका दमात म्हणाला, "सिग्नेबाईंकडे माझं चित्र लागलंय बघायला येशील का माझ्याबरोबर." उत्तर ऐकायला थांबण्याइतके धैर्य शिल्लक नव्हते. घाईत पावही तिथेच राहिला.

आज उत्तर मिळायचे होते. पण दुकानात त्रीनू नव्हती. तिचे एल्मारआजोबा बसले होते. आजोबांना बोलता येत नसे असे नाही. पण शब्द त्यांना हिवाळ्यासाठी रचलेल्या सरपणासारखे वाटत, उगाच जाळायचे नसतात. उकूला पाहताच त्यांनी खालून एक रिकामी टोपली काढली आणि त्याच्या हातात ठेवली.

"त्रीनूनं दिलीय."

"मला? आणखी काही म्हणाली?"

आजोबांनी शेजारच्या मासेवालीकडे संशयाने पाहिले. मग ओठ जेमतेम हलवून पुटपुटले, "कळेल तुला."

कळायला वेळ लागला नाही. आपल्याकडे नारळ देतात, तशी तिकडे टोपली देतात. पोरीने टोपली दिली म्हणजे पोराने गुमान घरी जावे. अर्थात हे सारे बोलण्यापुरते. खरीखुरी टोपली आजवर कोणी कोणाच्या हातात ठेवल्याचे ऐकिवात नव्हते.

"अगंबाई! खरोखरची टोपली!" मासेवाली ओरडली. "आजोबा, तुमची नात फारच कडक निघाली हो!" आणि तिने धुरी दिलेल्या माशांचा एक पुडा टोपलीत टाकला. "घे पोरा. रिकाम्या पोटी दुःख बाधतं."

ज्या गावात शेजारी शेजाऱ्याशी हवामानावरही जपून बोलतात, त्या गावाला त्या टोपलीमुळे कंठ फुटला. तटबंदीखाली लोकरी हातमोजे विकणाऱ्या वाइकेबाईंनी उकूला हाक मारून थांबवले.

"कुणी दिली रे?"

"त्रीनूनं."

"मनावर घेऊ नकोस. मीही आमच्या ह्यांना आधी टोपलीच दिली होती. म्हणजे, तोंडानं."

"मग?"

"मग काय! रोज येऊन उभे राहायचे. कंटाळून हो म्हटलं." त्यांनी एक हातमोज्यांची जोडी टोपलीत ठेवली. "हात गार पडलेत तुझे."

उकूला हातमोजे नको होते, मासे नको होते, सहानुभूती तर मुळीच नको होती. पुढच्या बाकावर टोपली ठेवून तो झपाझप चालू लागला. मागून पावले वाजली.

"अहो, तुमची टोपली राहिली!" एक गृहस्थ धापा टाकत आले. त्यांनी टोपलीकडे पाहिले, उकूच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि त्यांचा आवाज उतरला. "अरेरे. मला माहीत नव्हतं हो." खिशातले सफरचंद हळूच टोपलीत ठेवून ते निघून गेले.

शेवटी तो कलादालनात शिरला, आपल्या चित्राखाली टोपली ठेवली आणि कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. सिग्नेबाईंनी चष्मा वर केला.

"उकू! हे चित्राबरोबरचंच ना? काय सुचलंय तुला! वर तो एकाकी उजेड, आणि खाली ही... हिचं नाव काय?"

"टोपली मिळाली मला," उकू कसेबसे म्हणाला.

"कळलं. बोलू नकोस," बाई हळव्या झाल्या, आणि त्यांनी टोपलीपाशी एक पाटी लावली: 'नकार'.

इतके दिवस ज्या चित्रावरून लोकांची नजर घसरत होती, त्याच्यासमोर आता गर्दी जमली. एक दाढीवाले गृहस्थ बायकोला समजावू लागले, "हे हातमोजे म्हणजे कुणी न धरलेले हात."

"आणि मासे?"

"मासे म्हणजे... मौन."

"वास मात्र चांगलाच बोलतोय," बायको म्हणाली.

एवढ्यात दार उघडले. अंगावर पिठाचा एप्रन, काखेत पाव, अशी त्रीनू आत आली आणि थबकली.

"ही माझ्या आजीची टोपली आहे! हिच्यात मासे कुणी घातले?" मग तिने पाटी वाचली. "नकार? कुणाचा नकार?"

"तुझा," उकू पुटपुटला.

"माझा? अरे, मी आजोबांना चांगलं बजावून सांगितलं होतं. चित्र बघायला दुपारी येते म्हणावं, आणि उद्या अळंब्या वेचायला जाऊ, तेव्हा ही टोपली घेऊन ये. एवढं सगळं!"

"ते म्हणाले, कळेल तुला."

त्रीनूने कपाळावर हात मारला. "शेजारी मासेवाली होती का?"

"होती."

"मग कसे बोलतील ते! गेल्या वर्षी तिच्यासमोर अळंब्यांचं नाव काढलं, तर तिचा अख्खा गोतावळा आमच्या मागोमाग जंगलात. तेव्हापासून तोंडाला कुलूप."

कलादालनातले सगळे चित्र सोडून त्रीनूकडे पाहू लागले. त्या देशात माणूस पाहुण्याला घर दाखवील, मनातले दुःखही दाखवील. पण अळंब्यांची जागा दाखवणार नाही. ती घराण्यातल्या घराण्यात राहते.

"घरची जागा?" सिग्नेबाईंनी चष्मा काढून पुसला. "ह्याला दाखवणार?"

"मला तर लग्न होऊन इतकी वर्षं झाली, अजून सासऱ्यांनी नेलं नाही," दाढीवाले गृहस्थ म्हणाले. त्यांची बायको एकाएकी चित्र फार लक्ष देऊन पाहू लागली.

"तुझ्या तोंडून ती जागा बाहेर जायची भीती नाही," त्रीनू हसून म्हणाली. "वर्षभरात तू दोनच शब्द बोललास."

सिग्नेबाईंनी पाटी मुकाट्याने काढून घेतली. उकूच्या छातीत एवढा मोठा उजेड पडला की तो कुठल्या गल्लीत मावला नसता. त्रीनू मात्र आता चित्रापुढे उभी होती. चित्रात खिडकीतून आलेली उजेडाची एक पट्टी होती, टेबलाची कड होती, आणि त्या उजेडात एकावर एक रचलेले काळे पाव होते.

"हे आमचेच ना?"

"हो."

"छान दिसतात रे. कुणी आमच्या पावाकडे इतकं बघितलं नव्हतं." ती वाकून आणखी जवळ गेली. "पण एकालाही सुरी लागलेली दिसत नाही."

उकू टोपलीतले सफरचंद उगाच सरळ करू लागला.

"असो," तिने काखेतला पाव काढून हातमोज्यांवर अलगद ठेवला. "हा उद्यासाठी. तुझ्यासाठी मुद्दाम मोठा भाजलाय. दिवसभर जंगलात राहायचं, तुला पोटभर हवा ना?"

पाव अजून गरम होता. त्याचा आंबूस वास माशांच्या वासावरही मात करत होता. नुसते 'हो' म्हटले असते तरी भागले असते; मावशीला तो तेच सांगत आला होता, आणि स्वतःलाही. उकूने पावाकडे पाहिले, मग त्रीनूकडे.

"त्रीनू," तो म्हणाला, "मला काळा पाव आवडत नाही."