इलेक्ट्रॉनने घेतली फिरकी

"हे काय लिहिलंय?" वाचनालयाच्या दारातला फळा पाहून भौतिकशास्त्राचे सर जागीच थांबले. व्याख्यानाचा विषय त्यांनी फोनवर कळवला होता, 'इलेक्ट्रॉनची फिरकी'. फळ्यावर होतं, 'इलेक्ट्रॉनने घेतली फिरकी. हसायला या.'

"नुसती फिरकी अर्धवट वाटली हो," सचिव म्हणाले. "फिरकी एक तर टाकतात, नाहीतर घेतात. इलेक्ट्रॉन गोलंदाजी कशाला करेल, म्हणून 'घेतली' लिहिलं."

"फिरकी म्हणजे स्पिन. गुणधर्म आहे तो, थट्टा नव्हे."

"असू द्या. आत तर बघा."

आत पाय ठेवायला जागा नव्हती. गेल्या खेपेला सरांसमोर त्यांची बायको आणि झोपलेला रखवालदार एवढेच होते. आजही खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर ही वेळ गाण्याच्या क्लासला द्यायची, असं समितीने बजावलं होतं. सरांनी राग गिळला आणि खडू उचलला.

"अणूतल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनला चार क्वांटम अंक असतात. तो त्याचा पत्ताच समजा. चौथा अंक फिरकीचा. पण इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा खरोखर फिरत नाही बरं का."

"फिरत नाही, तरी फिरकी," मागून कोणीतरी म्हणालं. सभागृह हसलं.

"यात हसण्यासारखं काय आहे?" सर कडाडले. लोक आणखी हसले. ज्या विषयापायी उमेदीची वर्षं घातली, त्यावर ही मंडळी खिदळत होती. संतापाने सरांच्या हातातला खडू मोडला. त्यालाही टाळ्या पडल्या.

"ऐका. चारही अंक सारखे असलेले दोन इलेक्ट्रॉन एका अणूत असूच शकत नाहीत. पहिले तीन अंक म्हणजे खोली समजा. एका खोलीत फार तर दोघं, आणि तेही विरुद्ध फिरकीचे."

"अगदी आमच्यासारखं," पहिल्या रांगेतल्या आजी शेजारच्या आजोबांकडे बोट दाखवत म्हणाल्या.

"आजी, हा निसर्गनियम आहे."

"मग आमचं काय वेगळंय?"

हशा थांबेना. सरांची बायकोसुद्धा तोंडाला रुमाल लावून हसत होती, ते त्यांना सगळ्यात झोंबलं. त्यांनी श्रोत्यांना अडाणी म्हटलं, फळा पुसून टाकला, डस्टर आपटलं. हसून हसून लोकांच्या डोळ्यांना पाणी आलं.

शेवटी सचिव लगबगीने आले. "सर, ही वेळ वर्षभर तुमचीच. समितीने आत्ताच ठरवलं."

सर जरा निवळले. "म्हणजे विषय पोचला तर लोकांपर्यंत."

"विषय कुठलाही घ्या हो. फक्त दर वेळी एवढंच चिडाल ना?"

सरांचे कान लाल झाले, मिशा थरथरायला लागल्या. सचिव कौतुकाने त्यांच्या बायकोकडे वळले.

"बघा वहिनी, लागले तयारीला."