बेटावरच्या आजीची अक्षरं

"सगळ्या भाषा घालायच्या! एकही वाऱ्यावर सोडायची नाही!" असं म्हणून ढगोबांनी टेबलावर अशी थाप मारली की चहाच सांडला.

ढगोबा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण माणूस सदा ढगात, त्याला ऑफिसनं तरी दुसरं काय म्हणावं? त्यांची कंपनी कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली बनवायची. नव्या प्रणालीत कुठल्या भाषांचे कीबोर्ड आधीपासून घालून द्यायचे, हे ठरवायचं काम यंदा पहिल्यांदाच त्यांच्याकडे आलं होतं.

"पाच पुरेत," तपासनीस म्हणाला. सगळ्यात खोट काढायचा, म्हणून तो शंकासुर. "बाकीचे ज्याला हवेत तो करील की डाउनलोड!"

"आणि शोधायला नाव कुठल्या अक्षरांत लिहील? तहान लागल्यावर विहीर खणायला लावता होय?"

एवढं बोलून ढगोबा खिडकीबाहेर बघू लागले. तिथे त्यांना एक बेट दिसायचं. निळं पाणी, पेंगणारी होडी आणि दारात बसलेली एक आजी. आजी भीत भीत एक बटण दाबते आणि पडद्यावर तिचंच अक्षर उमटतं! ढगोबांचे डोळे रोज इथेच भरून यायचे. तिची लिपी लिहिणारी माणसं मूठभर. यादीला कात्री लागली की पहिला बळी तिचाच, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

शेवटचा शब्द कंपनीच्या मोठ्या बाईंचा. त्यांच्या नव्या कॉम्प्युटरवर ढगोबांनी सगळे कीबोर्ड घातले, आजीची अक्षरं चारदा उमटवून पाहिली आणि त्याच तंद्रीत तो बाईंपुढे सरकवला. बाईंनी आधी पासवर्ड ठरवला. पडद्यावर नुसते ठिपके. मग यादी उघडली.

"अगं बाई! हे काय मारुतीचं शेपूट? आपली एक भाषा ठेवा, बाकी सगळं काढा!"

"बाई, निदान ती बेटावरची..."

"कुठलं बेट?"

ढगोबांनी खिडकीकडे बोट दाखवलं. शंकासुरानं तेवढ्यात सगळं पुसून टाकलंसुद्धा! ढगोबांची होडी बुडाली. फार वाईट वाटलं हो त्यांना.

बाई चहा पिऊन येईपर्यंत कॉम्प्युटरला कुलूप लागलं होतं. पासवर्ड टाकला. चूक! पुन्हा टाकला. चूक! बाईंचं दुपारचं भाषण आतच अडकलेलं!

"पासवर्ड बरोबर आहे, बाई," ढगोबा चाचरत म्हणाले. "फक्त तो आजीच्या अक्षरांत आहे. मी कीबोर्ड तसाच सोडला होता."

"कुठली आजी?"

"बेटावरची."

"मग टाका ना तिच्या अक्षरांत!"

"ती आत्ताच काढली."

"डाउनलोड करा!"

"त्यासाठी आधी आत जावं लागतं, बाई."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"म्हणजे त्या म्हातारीनं असंच दाराबाहेर ताटकळायचं?"

"अगदी असंच."

"छे छे! सगळ्या घाला. एकही गाळायची नाही! थांबा, लेखी हुकूमच देते."

ढगोबांना होडी पुन्हा डोलताना दिसली. दारातली आजी त्यांच्याकडे बघून हसलीसुद्धा! इकडे बाईंनी हुकूम लिहायला बोटं पुढे केली. समोर तीच पासवर्डाची रिकामी चौकट.

"ढगोबा," बाई थंडपणे म्हणाल्या, "तुमच्या आजीकडे पेन आहे का, विचारा जरा."