ती आमच्याकडेच राहते

पाल मारायची नाही, बायकोची भीती मारायची, असं मी एका रविवारी सकाळी चहा पिताना ठरवलं.

घर नवीन होतं. म्हणजे आमच्यासाठी नवीन. मालकीणबाईंच्या सासऱ्यांनी ते बांधलेलं. उजेड भरपूर, दोघांच्याही कामावर चालत जाता येईल असं. ते मिळवताना आमच्या चपला झिजल्या होत्या. फक्त स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटमागे एक पाल राहायची, आणि बायकोनं निर्वाणीचं सांगितलं होतं, "या घरात एक तर ती राहील, नाही तर मी."

"ती" म्हणजे पाल. बायको तो शब्द उच्चारत नाही. नाव घेतलं की अंगावर पडते, अशी तिची खात्री. त्यामुळे आमच्या घरात पालीला नुसतं "ती" म्हणतात.

मी मानसशास्त्र शिकलेला माणूस. (शिकवतोही. मुलं बसतात बिचारी.) भीती घालवायचा चांगला उपाय पुस्तकात असताना लोक अजून झाडू आणि फवारे घेऊन धावतात, याची मला मनापासून चीड आहे. उपाय सोपा आहे. भीती वाटते म्हणून माणूस पळतो, आणि पळतो म्हणून भीती वाढते. तेव्हा पळायचं नाही. आधी नुसता शब्द, मग चित्र, मग रबरी पाल, मग लांबून खरी, अशा पायऱ्या चढायच्या. प्रत्येक पायरीवर छातीतली धडधड ओसरेपर्यंत थांबायचं. अशा एखाद्याच गोष्टीच्या भीतीवर हा उपाय बहुतेकांना लागू पडतो.

फक्त थांबणं मला जमत नाही. शब्दाची पायरी तिला जमेना, म्हणून मी ती गाळली. पहिल्याच दिवशी चित्र दाखवलं आणि लगेच तिला हाताला धरून ट्यूबलाइटखाली नेऊन उभं केलं. झारा माझ्या कानाला चाटून गेला. (तो पालीसाठी होता, असं ती आजही सांगते.)

"डॉक्टर, पायऱ्या चढायच्या म्हणालास ना? मग ढकलतोस कशाला?"

मुद्दा बरोबर होता. मग तिच्या चालीनं सुरू केलं. रबरी पाल तिनं आधी कपाटावर ठेवली, मग टेबलावर, मग उशाशी. हळूहळू ती स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून खऱ्या पालीकडे बघत बसू लागली. शब्द मात्र तोंडातून निघेना.

घोटाळा झाला तो जिन्यात. भाजी घेऊन वर येताना तिचा धीर खचला.

"काल ती ओट्यापर्यंत आली होती रे."

"येऊ दे. तिला हाकलायचं नाही, ठरलंय ना आपलं? रोज थोडं जवळ जायचं. शेवटी तिच्या पाठीवरून हात फिरवशील बघ."

"आणि ती कायमची इथेच राहणार?"

"राहू दे की! घर तिचंही आहे."

यावर बायको रडली. आणि खालच्या मजल्यावरचं मालकीणबाईंचं दार, जे किलकिलं होतं, ते धाडकन बंद झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई वर आल्या. बसल्या नाहीत.

"महिनाअखेर घर रिकामं करा."

"का हो, मावशी?"

"का म्हणून वर विचारता? लग्नाची बायको जिन्यात रडतेय, आणि तुम्ही तिला त्या भवानीच्या पाठीवरून हात फिरवायला सांगता! माझ्या घरात हे चालायचं नाही."

पालीला भवानी म्हटलेलं मला आवडलं नाही. अज्ञानाशी लढायची हीच वेळ, म्हणून मी नेट लावला.

"मावशी, ती काही आम्ही आणलेली नाही. आधीपासून इथेच आहे."

"माझ्या घरात?"

"तुमचे यजमान होते तेव्हाही असणार."

मावशींनी भिंतीचा आधार घेतला. "ह्यांच्या वेळी?"

"ही नसेल तर हिची आई असेल. घरोघरी असतात हो, लोक कबूल करत नाहीत एवढंच. स्वभावानं गरीब असतात. आपणच उगाच आरडाओरडा करतो."

"अख्खा जन्म संसार केला मी त्या माणसाशी!" मावशींचा आवाज फुटला.

आता माझ्या मनात काहीतरी चुकचुकलं, पण उशीर झाला होता. आतून बायको धावत आली. घर चाललं होतं, नवऱ्याची अब्रू चालली होती, आणि एका सज्जन माणसाची तर मेल्यावर चालली होती. तिनं डोळे गच्च मिटले आणि ओरडली,

"पाल! अहो मावशी, पाल आहे ती! पाल! पाल!"

अंगावर काही पडलं नाही. तिनं डोळे उघडले, मावशींचा हात धरला आणि त्यांना स्वयंपाकघरात नेऊन बोट दाखवलं. "ही बघा. ही ती."

मावशी त्या वयात ओट्यावर चढल्या. त्या गडबडीनं पाल बिचकली आणि सरसरत खाली टेबलावर आली. मी वाटेतच उभा होतो. मला बाजूला सारून बायकोनं रिकामी बरणी उचलली, पालीवर उपडी घातली, खालून पुठ्ठा सरकवला आणि धडधड ओसरेपर्यंत तशीच उभी राहिली. मग खाली जाऊन कुंपणापाशी पाल सोडून आली.

उपचार लागू पडला, यात वाद नाही. उपचार करणाऱ्याबद्दल मतभेद आहेत.

मावशींनी ओट्यावरूनच निकाल दिला, "घर सोडायचं नाही, पोरी. आणि मलाही शिकव. पण तू शिकव, यांना मध्ये आणू नकोस."

आता दुपारी रबरी पाल समोर ठेवून दारातल्या स्टुलावर मावशी बसतात. परवा त्या आपल्या बहिणीलाही घेऊन आल्या. ती मांजराला भिते. बायकोनं तिला समोर बसवून पहिली पायरी नीट समजावून सांगितली. उठता उठता बहिणीनं माझ्याकडे पाहिलं आणि मावशींना हळूच विचारलं,

"आणि हे काय करतात?"

"हे होय?" मावशी म्हणाल्या, "हे बरणी धुतात."