गुलाबी फडकं

साथीच्या दिवसांतल्या एका रविवारी सकाळी हेडक्लार्कांनी कपडे धुवायचं ठरवलं, आणि तिथंच सगळं बिनसलं.

यात सांगण्यासारखं काय, असं एखाद्या बाईला वाटेल. बाया रोज धुतात, त्यावर कुणी गोष्ट लिहीत नाही. पण हेडक्लार्कांनी उभ्या जन्मात हातरुमालसुद्धा धुतला नव्हता. नगरपालिकेच्या पाणी खात्यात त्यांची हयात गेली. कुठल्या भागात पाणी कधी सुटतं हे रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांना तोंडपाठ होतं, पण ते पाणी घरात आल्यावर त्याचं पुढं काय होतं याची चौकशी त्यांनी कधी केली नव्हती. (कपडे आपले आपण स्वच्छ होतात आणि घड्या होऊन कपाटात चालत जातात, अशी बऱ्याच पुरुषांची समजूत असते. बाई असेतोवर ती खोटी ठरत नाही.)

आता बाई नव्हती.

हेडक्लार्कीणबाईंना घेऊन रुग्णवाहिका गल्लीतून गेली ती गेलीच. दवाखान्यातून फोन आला तो लेकीला, आणि लेकीनं तो बाबांना सांगितला. लेक परगावी, रस्ते बंद. कुणी कुणाकडे जायचं नाही असा हुकूम. बाईंचं तोंड पाहायला मिळालं नाही, आणि चार माणसं दारात येऊन बसली नाहीत. ज्या बाईनं गल्लीतल्या प्रत्येक आजारपणात पेज पोचवली, तिच्या मागं कुणी खोटंखोटं रडायलाही आलं नाही.

त्यात हेडक्लार्कांनी एक घोडचूक करून ठेवली होती. तीही नियमानं.

वॉर्ड ऑफिसनं साथ सुरू झाल्यावर घरटी दोन फडकी वाटली होती, एक पांढरं आणि एक लाल. रोज सकाळी त्यांतलं एक गॅलरीत लावायचं. पांढरं म्हणजे सगळं ठीक. लाल म्हणजे मदत हवी. कसली मदत, तेही ठरलेलं: किराणा, औषध, पाणी किंवा ताप. फडकी बघत फिरायला सायकलवरून चित्रकलेचे मास्तर यायचे. शाळा बंद होत्या, मास्तर लोकांना कामाला जुंपलं होतं, आणि काम रंगांचं म्हणून चित्रकलेचा मास्तर नेमला होता. (वॉर्ड ऑफिसात कुणीतरी डोकं चालवलं. होतं असं कधीकधी.)

बाई गेल्याचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हेडक्लार्क गॅलरीत उभे राहिले. किराणा होता. औषध होतं. पाणी होतं. ताप नव्हता. त्यांनी पांढरं फडकं लावलं.

समोरच्या गॅलरीतून शिवणबाईंनी ते पाहिलं. वॉर्डातली सगळी फडकी त्यांच्याच मशीनवर शिवलेली. हेडक्लार्कीणबाईंची त्यांची तीस वर्षांची मैत्री. दोघींचं बोलणं गल्लीच्या वरून, गॅलरी ते गॅलरी चालायचं. ते पांढरं फडकं बघून शिवणबाई आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. त्या दिवसापासून त्यांनी हेडक्लार्कांशी बोलणं टाकलं. गल्लीनंही म्हटलं, माणूस आहे की दगड. बायको कालची गेली आणि हा सगळं ठीक म्हणतो.

हेडक्लार्कांना हे कळत होतं. आपण दगड नाही हे कुणाला तरी, निदान समोरच्या गॅलरीला तरी सांगावं, असं त्यांना रोज वाटायचं. पण सांगणार कसं? लेकीचा फोन आला की ती विचारायची, "बाबा, कसे आहात?" ते म्हणायचे, "ठीक." आयुष्यभर टिप्पणी लिहिण्यात गेलेल्या माणसाला तेवढंच येत होतं. "ती गेली" हे दोन शब्द त्यांच्या तोंडातून अजून एकदाही बाहेर पडले नव्हते.

तर, कपडे.

बाथरूमच्या कोपऱ्यात बाईंनी जाण्याआधी जमवलेला धुण्याचा ढीग तसाच पडून होता. हेडक्लार्क त्याला वळसा घालून आंघोळ करायचे. त्या रविवारी कपाटातला शेवटचा बनियन संपला, तेव्हा त्यांनी धीर केला. ढीग उचलला आणि मोठ्या बादलीत कोंबला. त्यात त्यांचे बनियन होते, चादर होती, टॉवेल होते, बाईंचा लाल गाऊन होता. मास्तरांची फेरी होऊन गेली होती, म्हणून वरून त्यांनी वॉर्डाचं पांढरं फडकंही टाकलं, सरकारी वस्तू स्वच्छ असावी म्हणून. साबणाची पावडर किती घालायची हे माहीत नव्हतं, म्हणून जेवढी होती तेवढी घातली.

कोपऱ्यात एक छोटी बादली होती. बाई तो गाऊन नेहमी त्या बादलीत वेगळा भिजवायच्या. हेडक्लार्कांनी एकदा विचारलंही होतं, "त्याला काय स्वतंत्र बादली? राजपुत्र आहे का?" बाई म्हणाल्या होत्या, "तुम्हाला सांगून उपयोग नाही." खरंच नव्हता.

तासाभरानं त्यांनी बादलीत हात घातला, तर आतून सगळं गुलाबी.

त्यांनी दोनदा धुतलं, तीनदा धुतलं. दांडगटासारखं पिळलं. गुलाबी रंग हलला नाही. शेवटी सगळं दोरीवर घातलं आणि ते गुलाबी बनियनांच्या रांगेखाली स्टुलावर बसले. चूक कुणाला दाखवायची, असं त्यांच्या मनात आलं. घरात हसायला, कपाळाला हात लावायला, "कर्म माझं" म्हणायला कुणी नव्हतं. साबण डोळ्यांत गेला होता की काय कोण जाणे, ते बराच वेळ डोळे पुसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फडकं लावायची वेळ झाली. फडकंच नसलं तर माणूस आत पडलाय असं समजून दार फोडत. लाल लावावं तर खोटं. हेडक्लार्कांनी जे होतं ते लावलं.

मास्तरांची सायकल खाली येऊन थांबली. त्यांनी मान वर केली, चष्मा वर केला आणि गळ्यातला भोंगा तोंडाशी धरला.

"हेडक्लार्कसाहेब, हे काय लावलंय?"

"पांढरं फडकं," हेडक्लार्क म्हणाले.

"साहेब, मी बावीस वर्षं चित्रकला शिकवतोय."

"मूळचं पांढरं आहे."

"मूळचे तर आपण सगळेच पांढरे असतो. आत्ता हे गुलाबी आहे."

भोंग्यातून हा संवाद अख्ख्या गल्लीला ऐकू जात होता. गॅलऱ्यांत माणसं उगवू लागली. कामधंदा कुणालाच नव्हता.

"नियमात गुलाबी आहे का?" हेडक्लार्कांनी विचारलं.

"नाही."

"मग पांढरं समजा."

"आणि तुम्हाला आत काही झालं तर? माझी नोकरी जाईल. तुम्हाला मदत हवी आहे का?"

"किराणा आहे, औषध आहे, पाणी आहे, ताप नाही."

"मग सगळं ठीक?"

हेडक्लार्क हो म्हणणार होते. तोंड उघडलंही. पण पाठीमागं दोरीवर बनियन हलत होते, आणि त्यांच्या मधोमध तो गाऊन. ते वळून तिकडंच बघत राहिले.

मास्तरांनी ऑफिसला फोन लावला. पलीकडून बरीच चर्चा ऐकू आली. मग त्यांनी वर बघून निकाल सांगितला, "गुलाबी म्हणजे अर्धं लाल. तेव्हा अर्धी मदत द्यायची."

"अर्धी मदत म्हणजे काय?"

मास्तरांनाही माहीत नव्हतं. त्यांनी सायकल स्टँडवर लावली, भोंगा खाली ठेवला आणि साध्या आवाजात विचारलं, "जेवता का वेळेवर?"

"जेवतो."

"कोण करतं?"

"मीच. करपतं."

"झोप?"

हेडक्लार्कांनी मान हलवली. हो की नाही ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. मास्तर "उद्या येतो" म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीतून कोरं पांढरं फडकं काढून दाखवलं. हेडक्लार्क घाईनं म्हणाले, "असू दे. सरकारी माल वाया कशाला?" मास्तरांनी फडकं परत पिशवीत ठेवलं. पुन्हा तेच तीन प्रश्न विचारून गेले. हेडक्लार्क मात्र आता सकाळी दाढी करून गॅलरीत येऊ लागले.

गल्ली आंधळी नव्हती. दुसरं गुलाबी फडकं तळमजल्यावरच्या न्हाव्यानं लावलं. दुकान बंद होतं, आणि दिवसभर बोलायची सवय असलेला तो माणूस आरशाशी बोलून कंटाळला होता. मग गाण्याच्या बाईंनी लावलं, लाल शाई ओतून. मग कुणी लिपस्टिक विरघळवली, कुणी बीट किसलं. आठवडा सरायच्या आत गल्लीत पांढरं फडकं औषधालाही उरलं नाही. फक्त शिवणबाईंचं होतं. त्या स्वाभिमानी. शिवाय स्वतः शिवलेलं फडकं त्या रंगवणार कशा?

मास्तर बिचारे दर गॅलरीखाली थांबून "जेवलात का, झोपलात का" विचारत राहिले. त्यांच्या सकाळच्या फेरीला संध्याकाळ होऊ लागली. आणि त्या नादात पलीकडच्या गल्लीत एका म्हाताऱ्यानं लावलेलं लाल फडकं, खरंखुरं लाल, दुपार टळेपर्यंत कुणी बघितलंच नाही. म्हातारा वाचला. पण थोडक्यात.

दुसऱ्याच दिवशी वॉर्ड अधिकारीणबाई स्वतः आल्या. त्यांनी मास्तरांच्या हातातून भोंगा घेतला.

"हा गुलाबीचा चावटपणा कुणी सुरू केला?"

गल्लीनं तोंडानं नाव घेतलं नाही. फक्त सगळ्यांच्या माना वळल्या. हेडक्लार्कांच्या दोरीवर पुरावा वाळतच होता.

हेडक्लार्क कठड्याशी आले. पलीकडचा म्हातारा आपल्यामुळं मेला असता, हे त्यांना रात्रभर खात होतं. त्यांनी घसा साफ केला.

"सदर फडके," ते म्हणाले, "धुण्याच्या वेळी नजरचुकीने इतर कपड्यांसमवेत..."

"मोठ्यानं बोला. आणि नीट बोला."

"गाऊनचा रंग गेला," हेडक्लार्क म्हणाले. "तो वेगळ्या बादलीत भिजवायचा असतो. मला माहीत नव्हतं."

"मग नवीन पांढरं का नाही घेतलंत? मास्तर देत होते ना?"

तेवढ्यात समोरच्या गॅलरीतून, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आवाज आला.

"कुणाचा गाऊन, भाऊजी?"

शिवणबाईंना ठाऊक होतं कुणाचा ते. तो गाऊन घेताना दुकानात त्याच बरोबर होत्या, आणि "हा रंग सोडणार" असं त्यांनीच बजावलं होतं. तरी त्यांनी विचारलं.

"तिचा," हेडक्लार्क म्हणाले.

"आणि ती कुठं आहे?"

फार निर्दय प्रश्न होता. पण कधीकधी काटा काढायला सुईच लागते, आणि सुई शिवणबाईंच्या हातातली होती.

हेडक्लार्कांनी कठडा घट्ट धरला. "ती गेली," ते म्हणाले. मग एकदा सुरू झाल्यावर त्यांना थांबता येईना. "ती गेली हो. मला तोंड पाहू दिलं नाही. लाल लावणार होतो, पण नियमात ते नव्हतं. किराणा होता. पाणी होतं. आणि पांढरं लावलं ते... पांढरंही नव्हतं. मग हे असं झालं, तर हेच खरं वाटलं. म्हणून बदललं नाही. चूक माझी आहे."

अधिकारीणबाईंच्या मास्कमुळं त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली होती, ती त्या बराच वेळ पुसत राहिल्या.

शिवणबाईंनी पदर तोंडाला लावला होता. "मग इतके दिवस बोलला का नाहीत?" त्या भरल्या आवाजात ओरडल्या. "मी इकडं एकटी रडत होते आणि तुम्ही तिकडं पांढरं फडकावत होता. दोघं एकत्र रडलो असतो तर गल्लीचं काही बिघडलं असतं का?"

"तुम्ही दार लावून घेतलंत," हेडक्लार्क म्हणाले.

"लावलं. कडी नव्हती लावली."

अधिकारीणबाईंनी शेवटी निकाल दिला. गुलाबी चालेल, पण मास्तर थांबणार नाहीत. ते फक्त लाल बघतील. गुलाबीची विचारपूस गल्लीनं गल्लीत करायची, आपापल्या गॅलरीतून, आणि न चुकता. जबाबदारी शिवणबाईंची.

त्या संध्याकाळी सगळे गॅलऱ्यांत बसले. कुणी कुणाच्या जवळ नव्हतं. गाण्याच्या बाईंनी सांगितलं, हेडक्लार्कीणबाईंनी त्यांच्या आजारपणात कशी पेज आणून दिली होती ते. न्हावी बोलला. शिवणबाई तर थांबेचनात. हेडक्लार्क नुसते ऐकत होते. आपल्या बायकोबद्दल इतकं काही त्यांना माहीतच नव्हतं. (नवऱ्यांना ते शेवटी कळतं, आणि तेही शेजाऱ्यांकडून.) जे बाई गेल्यावर व्हायला हवं होतं ते उशिरा झालं, पण झालं.

पुढं इतर गल्ल्यांनाही गुलाबी फडकी हवी झाली. शिवणबाईंनी नवीन पांढरी शिवली आणि रंगवायचं काम अनुभवी माणूस म्हणून हेडक्लार्कांवर आलं. त्यांनी मोठ्या ऐटीत ती बादलीत घातली, वर गाऊन ठेवला आणि वाट पाहिली. पाणी स्वच्छच राहिलं. एकही फडकं रंगलं नाही. त्यांनी गाऊन वर धरून बघितला, तो विटून फिका पडला होता.

"संपला असेल रंग, भाऊजी," शिवणबाई समोरून म्हणाल्या. "किती दिवस पुरणार?"

"तरी जपून ठेवतो," हेडक्लार्क म्हणाले.

आणि खरंच जपला. पुढच्या रविवारी त्यांनी तो गाऊन छोट्या बादलीत एकटा भिजवला, हलक्या हातानं धुतला, झटकला आणि सावलीत वाळत घातला. जायला रंग उरला नव्हता, पण गाऊन वेगळा भिजवायचा, हे धुण्याच्या शास्त्रातलं एक कलम ते आता मरेपर्यंत विसरणार नव्हते. बाकीचे सगळे कपडे त्यांनी मोठ्या बादलीत घातले. वॉर्डाचं फडकंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांची सायकल गॅलरीखाली आली आणि कचकन थांबली. मास्तरांना आता फक्त लाल बघायचं होतं, पण शेवटी चित्रकलेचा माणूस. त्यांनी मान वर केली, चष्मा वर केला, भोंगा तोंडाशी नेला.

"साहेब, हे राखाडी आहे. राखाडीचा अर्थ काय लिहू?"

हेडक्लार्क गोंधळून दोरीकडं बघू लागले. समोरच्या गॅलरीत शिवणबाईंनी मशीन थांबवलं आणि त्यांच्या वतीनं उत्तर दिलं.

"लिहा मास्तर, माणूस बरा आहे. मोजे काळे होते."