चौघांच्या मापाचा तंबू

दिवाकरभाऊ भोयर कुठलीही वस्तू पसंत करण्याआधी तिच्यावर निजून बघायचे. पलंग, गादी, चटई हे आपण समजू शकतो. पण वर्ध्याजवळ बोरगाव मेघेत घरासाठी प्लॉट बघायला आले तेव्हा भर उन्हात, दलालाच्या देखत, ते त्या मोकळ्या जागेच्या कोपऱ्यात दुपट्टा अंथरून आडवे झाले. बराच वेळ आभाळाकडे बघत राहिले. दलालाला वाटलं गिऱ्हाईक ऊन लागून पडलं, तो पाणी आणायला धावला. तो परत येईपर्यंत दिवाकरभाऊ उठून कपडे झटकत होते. म्हणाले, "जमते. पाय आत राह्यते."

शेजारचा प्लॉट माझा होता, म्हणून हा प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला. त्या दिवसापासून आमचा शेजार सुरू झाला. मी एका सरकारी कचेरीत कारकून, उंचीने बेताचा. उंचीचा उल्लेख करतो आहे, कारण दिवाकरभाऊंच्या लेखी माझी दुसरी काही ओळखच नव्हती. ते मला साहेब म्हणत, पण त्या साहेबात हुद्द्याचा मान नव्हता, हेवा होता.

"हे सारं जग तुमच्यासाठीच बनवलं, साहेब," ते कुंपणापलीकडून म्हणायचे. "एसटीची सीट पाहा. रेल्वेचा बर्थ पाहा. लग्नातली गादी पाहा. साऱ्यात तुमचे पाय आत. आमी काऊन जन्माले आलो, तेच समजत नाई."

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. दिवाकरभाऊ सहा फुटांच्या चांगलेच वर होते. कुसुमवहिनीही उंचीने त्यांच्या कानापर्यंत येत. त्यांचं लग्न जमलं तेच मुळी दोन्हीकडच्या नातेवाइकांनी हात टेकल्यावर. मुलगी दाखवायला आणली तेव्हा चहाचा ट्रे घेऊन वहिनी दारात वाकल्या, आणि त्यांचा चेहरा दिसायच्या आत दिवाकरभाऊ "पसंत" म्हणून मोकळे झाले, असं वहिनी स्वतःच सांगायच्या. सांगताना अजून लाजायच्या. मनीषा आणि वैशाली या दोन मुलीही आईबापांवर गेल्या होत्या. चौघं स्कूटरवर बसून निघाले की गल्लीतली माणसं हातातलं काम टाकून बघत.

वर्ध्याच्या बाजारात त्यांचं ताडपत्री, दोर आणि बारदान्याचं दुकान होतं. कापूस घरात यायच्या दिवसांत दुकानात पाय ठेवायला जागा नसे. धंदा चांगला, घर चांगलं, माणूस निर्व्यसनी. पण त्यांच्या डोक्यात एकच किडा होता आणि तो म्हणजे तंबू. चौघांचा, पाठीवर नेता येईल असा हलका, आणि ज्यात चौघांचेही पाय आत राहतील असा लांब.

त्याचं मूळ असं. लग्नाच्या वर्षी ते वहिनींना घेऊन हिंगणीला एका ओळखीच्या माळ्याच्या वावरात गेले होते. वांगी-टमाटरांचं ते वावर, तिथून पायवाटेने चालत गेलं की बोर धरणाचं पाणी. संध्याकाळ झाली. पाण्यावर आधी गुलाबी, मग राखाडी रंग उतरला. पलीकडचं जंगल हळूहळू काळं होत गेलं. कुठलातरी पक्षी एकच सूर धरून बसला होता. "अन् मले तठी निजावसं वाटलं, साहेब. एवढं वाटलं का सांगता येत नाई. हिले बी वाटलं. पण अंगाखाली काही नाई, अंगावर काही नाई, अन् शेवटची गाडी निघून राह्यली होती. धावत जाऊन पकडली." ती एक रात्र त्यांची राहून गेली होती आणि पोरी झाल्यावर ती चौघांची झाली होती. दोघांची राहिलेली रात्र पोरींना घेऊन पुरी करायची, एवढंच त्यांना आयुष्याकडून हवं होतं.

उन्हाळ्यात आम्ही अंगणात खाटा टाकून बसायचो. दिवाकरभाऊंची खाट खास बनवून घेतलेली, रेल्वेच्या डब्याएवढी. त्यावर पडून ते बोलायला लागत. हिंगणीहून पहाटे निघायचं, वाटेत मोहाच्या झाडाखाली भाकरी खायची, वावर ओलांडून पाण्याच्या काठाशी तंबू लावायचा, दार पाण्याकडे ठेवायचं. मोहाचा वास, पाण्याचा आवाज, चौघं एका ओळीत. ऐकता ऐकता मलाही तो वास यायला लागे. मी तर दोनदा स्वप्नात त्या धरणावर जाऊन आलो. माझे पाय आत होते, हे सांगायला नको.

पहिला तंबू त्यांनी नागपूरहून आणला. लष्करी छापाचा, जाड कॅनव्हासचा. अंगणात लावला तेव्हा चौघं आत निजले आणि पायथ्याशी आणखी एक पेटी मावली असती. पण वहिनींनी उशी ठेवून दिशा पाहिली तर पाय बरोबर दक्षिणेकडे. "असं कोणी निजते काय?" म्हणून त्या बाहेर आल्या. सगळा तंबू उपटून फिरवून लावावा लागला. त्यात दुपार गेली. मग वजनाची परीक्षा झाली. ती अशी, की गठ्ठा पाठीवर घेऊन दिवाकरभाऊ रेल्वे फाटकापर्यंत जाऊन परत येत आणि दारात उभे राहून विचारत, "थकलेला दिसतो काय मी?" निकाल वहिनींचा. त्या दिवशी ते फाटकापर्यंत गेले आणि सायकलरिक्षाने परत आले. वहिनींना काही विचारावं लागलं नाही.

मग नायलॉनचा तंबू आला, डोंगर चढणाऱ्या कुणा पोरांकडून दोन दिवसांसाठी मागून आणलेला. हलका म्हणजे इतका, की वारा आला तर धरून ठेवावा लागे. पण लांबीला आमच्यासारख्यांसाठी. चौघं तिरपे निजून पाहिले, पाय दुमडून पाहिले, एकाआड एक डोकं-पाय करून पाहिले. बाजाराच्या पिशवीत शेवग्याच्या शेंगा कोंबल्यासारखे दिसत होते. आतून वैशाली ओरडली, "बाबा, तुमचा आंगठा माह्या नाकात जाऊन राह्यला!" आणि मग चौघं हसायला लागले. हसण्याने तंबूची एक काठी निघाली आणि सगळं कापड त्यांच्या अंगावर बसलं. तरी हसणं थांबेना. कुंपणापलीकडे मीही हसत होतो. बऱ्याच वेळाने दिवाकरभाऊ डोळे पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "नापास."

असे किती तंबू नापास झाले कोण जाणे. गल्लीतल्या लोकांना ती करमणूक झाली. भोयरांच्या अंगणात तंबू लागला की बायका निवडायची भाजी घेऊन ओट्यावर येत.

एकदा मी त्यांना सरळ विचारलं. म्हटलं, "दिवाकरभाऊ, जीप करा, तो मोठा तंबू टाका त्यात, आणि या जाऊन. कशाला एवढा अट्टहास?"

त्यांनी रस्त्याकडे बोट केलं. मनीषा तेव्हा अकरावीत होती. कॉलेजातून येत होती, पुस्तकं छातीशी धरून, खांदे पुढे पाडून, मान खाली घालून. गेल्या वर्षापासून ती अशीच चालायची. पाठीमागून पोरं काहीबाही बोलत. पाहुणी आलेली एखादी बाई वहिनींना, पोरीला नवरा कुठून आणणार, म्हणून तिच्या देखत विचारी. ती अंगणात येईपर्यंत दिवाकरभाऊ तिच्याकडे बघत राहिले.

"पाह्यलं?" ते हळू म्हणाले. "घरात आपल्या हातानं दारं उंच बसवली मी. पण बाहेर निघाली का वाकते. तंबूत आडवी झाली का नाई वाकत. सरळ राह्यते, हसते. एक रात्र तिले तशी राहू द्याची आहे, साहेब. अन् जीपमधे बसलं तर तिचं डोकं टपाले लागते."

मी आत जाऊन उगाच पाणी प्यायलो.

शेवटी त्यांनी तंबू शिवूनच घ्यायचा ठरवला. इथे ताडपत्रीच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. अठरा फुटी म्हणून विकलेली ताडपत्री घरी नेऊन मोजली की साडेसतराच भरते. कडा दुमडून शिवताना तेवढं कापड आत जातं, आणि माप सांगतात ते शिवण्याआधीचं. एखादा शेतकरी तक्रार घेऊन आला की दिवाकरभाऊ शांतपणे म्हणत, "शिलाईत जाते, भाऊ. धंद्याची रीत आहे."

तर मंडपाच्या कनाती शिवणारा शिंपी गाठला. छत्रीचं असतं तसलं पातळ कापड मिळवलं. दुकान बंद ठेवून चौघं फरशीवर ओळीने निजले आणि शिंप्याने खडूने त्यांच्याभोवती रेघ मारली. दिवाकरभाऊंनी ती रेघ स्वतः मोजून माप सांगितलं. तंबू तयार होऊन आला. फाटकापर्यंतची परीक्षा झाली, वहिनी म्हणाल्या, "थकले नाई." गल्ली ओट्यावर जमली. चौघं आत गेले. आणि आतून काहीच आवाज येईना. मी वाकून पाहिलं तर आठही पावलं कापडाला टेकून उभी होती आणि तंबूची मागची भिंत फुगली होती.

शिंपी म्हणाला, "शिलाईत जाते, भाऊ."

आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलेली रीत त्यांनी स्वतःच्या तंबूला लावायची राहून गेली होती. जोड मारावा तर वजन वाढतं आणि शिवणीतून पाणी येतं. दोन दिवस ते दुकानात कुणाशी बोलले नाहीत. नंतर मात्र ताडपत्री मागायला आलेल्या माणसाला ते विचारू लागले, "कापसावर टाकता का खाली कोणी निजते?" निजणारं कुणी असेल तर अर्धा फूट कापड जास्त द्यायचे. धंद्यातले लोक त्यांना हसत.

तो तंबू घडी होऊन माळ्यावर गेला आणि त्याच पावसाळ्यात मनीषा इंजिनिअरिंगला नागपूरला गेली. मग बंगलोरला नोकरी. वैशाली अमरावतीला शिकायला गेली आणि तिथेच कामाला लागली. दिवाळीत एकीला सुट्टी असायची तेव्हा दुसरीला नसायची. चौघं एका वेळी घरात असल्याचं मला नंतर फारसं आठवत नाही. दिवाकरभाऊ तंबूचं बोलेनासे झाले. उन्हाळ्यात खाटेवर पडून आभाळाकडे बघत राहायचे. मीही विषय काढत नसे. खरं सांगायचं तर मला त्या धरणाची आठवण यायची, मी ते कधीही पाहिलेलं नसताना.

आणि एका थंडीतल्या रविवारी दुपारी कुंपणावरून हाक आली. "साहेब, येजा जरा."

अंगणात तंबू उभा होता. फिक्या हिरव्या रंगाचा, चकचकीत, आमच्या गल्लीने कधी पाहिला नव्हता असा. मनीषाने बंगलोरहून पार्सलने पाठवला होता. "काठ्या आपोआप उभ्या होते," दिवाकरभाऊ म्हणाले. "वजन तर काहीच नाई. वैशालीचं दप्तर जड राहे याच्यापेक्षा. फाटकापर्यंत जाऊन आलो, पाठीवर काही आहे असं वाटलंच नाई."

"आणि लांबी?" मी विचारलं.

ते वाकून आत शिरले. वहिनी आधीच आत होत्या. मीही पडदा बाजूला करून वाकलो. दिवाकरभाऊ एका कडेला उताणे पडले होते, वहिनी दुसऱ्या कडेला. मध्ये मोकळी जागा. मी तिथे बसायला गेलो तर ते घाईने म्हणाले, "तठी नका बसू, साहेब. तठी पोरी आहे. पायथ्याशी बसा."

मी पायथ्याशी बसलो. ऐसपैस मांडी घालून बसलो, तरी त्यांचे पाय सरळ होते आणि माझ्या गुडघ्याला लागत नव्हते. कापडातून हिरवट ऊन खाली झिरपत होतं, पाण्याखाली बसल्यासारखं वाटत होतं. बाहेरचे आवाज लांब गेले होते. मग वहिनी डोळे मिटूनच म्हणाल्या, "तो पक्षी ओरडे पाहा तठी. एकसारखा." दिवाकरभाऊ म्हणाले, "हो." मला वाटलं, जमलं बुवा एकदाचं.

तेवढ्यात घरात फोन वाजला. दिवाकरभाऊ उठून गेले. फोन खिडकीशीच होता, शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"हो, भेटला... लावला नं अंगणात... निजलो बी." मग थोडं थांबले. "आता तुले काय सांगू, बाई. आखूड पडते."

मी वहिनींकडे पाहिलं. त्या उठून बसल्या होत्या.

"किती म्हणजे? ते फोनवर कसं सांगू? तू अन् वैशाली येऊन निजल्याशिवाय समजनच नाई... नाई, वापस पाठवाचं नको म्हणू. आधी येऊन पाहा. मले काही घाई नाई. सुट्टी भेटन तेव्हा येजो."

ते परत आले आणि माझ्याकडे न बघता आपल्या कडेला जाऊन पडले.

"काऊन खोटं बोलले पोरीशी?" वहिनींनी विचारलं.

"खोटं काय त्याच्यात? मले तिची उंची माहीत आहे काय आता? वाढली असन."

"एवढी मोठी नोकरदार पोरगी वाढते काय?"

"वाढते," दिवाकरभाऊ म्हणाले. "आपण पाह्यलं नाई तर आपल्याले काय माहीत?"

वहिनींनी मधल्या जागेतली चुणी हाताने सरळ केली. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "काय म्हणे मग?"

"हसली. संक्रांतीले येतो म्हणे. वैशालीले घेऊन."

माझं तिथे काही काम उरलं नव्हतं. मी पडदा सारून हळूच बाहेर आलो. चपला घालताना सहज आत पाहिलं. वहिनी पुन्हा आडव्या झाल्या होत्या. दोघं आपापल्या कडेला अंग चोरून पडले होते आणि मधली जागा त्यांनी तशीच मोकळी ठेवली होती.