चिमीच्या चुका

"विशेष मुलांची चूक दाखवायची नसते. कौतुक दाखवायचं," असं प्रशिक्षणातल्या तज्ज्ञबाईंनी बजावलं होतं आणि लगेच जेवणाची सुट्टी झाली होती. संगीताच्या बाईंनी ते वाक्य वहीत उतरवून खाली दोन रेघा ओढल्या. दया करायला काही यावं लागत नाही. म्हणूनच ती शाळांतून इतकी मुबलक आढळते.

बाईंच्या वर्गात चाळीस मुलं. एकोणचाळीस जणांना ऐकू येत होतं, पण ती ऐकत नव्हती. चाळिसावी चिमी. तिला फार कमी ऐकू यायचं आणि ती सगळं बघत असायची. तिच्यासाठी संगीतशिक्षण अनुकूल करण्याकरिता सात जणांची समिती नेमण्यात आली. समिती चारदा भरली (पैकी दोनदा खुर्च्या होत्या). ठरलं ते असं: चिमीला पहिल्या बाकावर बसवावे. तिला ड्रम द्यावा. ड्रमवर स्पंज लावावा, म्हणजे आवाजाचा तिला त्रास होणार नाही. शिवाय दर महिन्याला एक तक्ता भरावा, 'विद्यार्थिनीस आनंद झाला काय?' पुढे दोन चौकटी होत्या: 'होय' आणि 'खूप'.

बाई देवभोळ्या. त्यांचा रोजचा एक नेम होता: काही झालं तरी दिवसातून निदान एका जिवाशी गोडच बोलायचं. गाणं शिकवणाऱ्या बाईला हा नेम उपासापेक्षा जड. पण चिमी वर्गात आली आणि नेमाची सोय झाली. इतरांना "अरे गाढवा, ताल कुठे सांडलास?" आणि चिमीला "छान." चार महिन्यांत एकशे बारा वेळा 'छान' (नंतर मोजताना बाईंना कसंसंच झालं). बाईंचं पुण्य वाढत होतं; चिमीचं वादन होतं तिथेच होतं.

चिमीला शाळेच्या बँडमध्ये जायचं होतं. त्याची निवड संमेलनानंतरच्या सोमवारी दुपारी. बँडमास्तर ताल चुकणाऱ्याला घेत नसत. त्यांनी प्रशिक्षण बुडवलं होतं.

संमेलनात चिमीचं ड्रमवादन ठेवलं होतं. आदल्या दिवशी ती बाईंसमोर उभी राहिली.

"बाई, सगळ्यांना रागावता. मला का नाही?"

बाई म्हणाल्या, अगं, तू छान वाजवतेस.

"त्या गाढवांना कळतं, कुठे चुकलं ते. मला कोण सांगणार?"

मग तिचा हात हातात घेऊन बाईंनी शब्द दिला, की उद्या त्या कान देऊन ऐकतील आणि चुकेल ते एकूण एक सांगतील.

दुसऱ्या दिवशी चिमी रंगमंचावर आली आणि सभागृह उठून उभं राहिलं. पालक, पाहुणे, समितीचे सातही जण. टाळ्या सुरू झाल्या त्या ती खाली उतरेपर्यंत थांबल्या नाहीत. वादन दोन मिनिटं चाळीस सेकंद. टाळ्या तीन मिनिटं दहा सेकंद. प्रमुख पाहुण्यांनी डोळे टिपत हे वादन आपण जन्मभर विसरणार नाही असं सांगितलं. ते ऐकलेला माणूस मात्र अद्याप सापडलेला नाही.

पडद्यामागे चिमीने विचारलं, "कुठे चुकले?"

बाईंच्या ओठांवर 'छान' आलंच होतं.

"तुमचेपण हात हलत होते, बाई," चिमी म्हणाली. "मी बघितलं."

बाईंनी ओठ मिटले. रविवारी त्यांनी चिमीच्या आईला निरोप धाडला, की पोरीला उद्या शाळा भरायच्या तासभर आधी गाण्याच्या खोलीत पाठवा. आपण सोबत येऊ नका.

सोमवारी सकाळी शाळेत शिपाई सोडला तर कुणी नव्हतं. वरच्या मजल्यावर ड्रम वाजू लागला होता. बाईंनी एका हातात वही धरली, दुसऱ्यात पेन्सिल. दोन्ही हात गुंतलेले बरे. दाराला आतून कडी घालायची हेही त्यांनी ठरवून टाकलं, कारण कौतुक करायला कोण कधी डोकावेल याचा नेम नसतो. एव्हाना आपलेही डोळे भरून आले असतील आणि हात शिवशिवत असतील, तर वाचकहो, आपण कृपया खालीच थांबावं. वर पोरीला चुका ऐकायच्या आहेत.

बाई पाय न वाजवता जिना चढू लागल्या.